खटका लागला, मग अक्षर कुठे गेलं?

प्रश्न असा आला आहे: "मी देवगडला राहते, घरूनच भाषांतराची कामं करते. दिवसाचे सहा-सात तास इनस्क्रिप्ट कळमांडणीवर मराठी टाइप होतं. गेल्या वर्षी ब्राउन स्विचचा मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. त्याला खटका असतो असं सगळे सांगतात, मला मात्र आत वाळूचा कण अडकल्यासारखं वाटतं. मैत्रिणीचा ब्लू स्विचवाला आणून पाहिला, तो आवडला. पण दुसऱ्याच रात्री सासूबाई म्हणाल्या, 'रातीची काय खडखड लावलंस गो?' आणि ह्या जुलैपासून 'क'ची कळ दाबली की खटका लागतो, पण अक्षर कधी येतच नाही, कधी दोनदा येतं. खटका लागला म्हणजे अक्षर उमटायलाच हवं ना? आत नेमकं असतं काय, आणि मी घेऊ काय?"

ताई, अक्षराचं आधी सांगतो. उमटायलाच हवं असं नाही. बोटाला खटका लागणं आणि संगणकाला कळ दाबल्याचं कळणं ह्या दोन निराळ्या घटना आहेत. काही स्विचांत, म्हणजे प्रत्येक कळीखालच्या यंत्रणेत, त्यांची गाठ पक्की असते, काहींत सैल असते आणि काहींत दोघींचा एकमेकींशी काही संबंध नसतो. खोक्यावर रंग लिहितात (ब्राउन, ब्लू, रेड ही स्विचच्या प्रकारांची नावं), दाबायला लागणाऱ्या जोराचे ग्रॅम लिहितात. ही गाठ कशी बांधली आहे ते कुणी लिहीत नाही. मी रत्नागिरीत टाइपरायटर दुरुस्त करत ह्या धंद्यात आलो आणि आता कीबोर्डच जास्त उघडतो. गिऱ्हाइकाची निवड फसते ती बहुतेक वेळा इथेच.

आधी घरातली छत्री घ्या. बटणवाली नको, जुनी लांब दांड्याची काळी. दांड्यावर वरच्या अंगाला एक खाच असते आणि तिच्यातून पत्र्याची तिरकी पट्टी बाहेर डोकावत असते. छत्री उघडताना आपण नळी वर सारतो. नळी त्या पट्टीच्या उतारावर चढते, पट्टी आत दबत जाते, अंगठ्याला जोर वाढल्याचं जाणवतं. आणि नळी पुढे सरली की पट्टी टक्कन बाहेर येते, जोर एकदम ओसरतो. हळूहळू दोन-तीनदा करून पाहा. हाताला जे 'लागतं' ते जोर वाढणं नव्हे, तो अचानक जाणं. अडकित्त्यात सुपारी फुटते त्या क्षणी हाताला कळतं तेही हेच.

स्विच बनवणारे ह्याचा आलेख काढतात. आडव्या रेषेवर कळ किती खाली गेली, उभ्या रेषेवर किती जोर लागला. चांगल्या खटक्याचा आलेख मला सह्याद्रीसारखा दिसतो: देशाच्या बाजूने चढ, कोकणाच्या बाजूला कडा. कडा जितका उभा आणि माथ्यापासून दरी जितकी खोल, तितका खटका स्पष्ट. माथा नुसता उंच असून उपयोग नाही. पलीकडे दरी उथळ असेल तर ती कळ जड लागते, एवढंच.

आता तुमचा ब्राउन. मूळ रचना चेरी ह्या जर्मन कंपनीच्या एमएक्स स्विचची, १९८३ सालची; ब्राउन त्या कुटुंबात १९९४ मध्ये आला. पेटंटची मुदत संपल्यावर गॅटेरॉन, काइल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले, आणि आपल्याकडे परवडणाऱ्या दरात मिळतात ते बहुतेक हेच. आतली कल्पना सगळ्यांची एक.

स्विचचं झाकण चार कड्यांवर बसलेलं असतं. ते उघडलं की मधोमध प्लास्टिकचा स्टेम (कळीबरोबर वर-खाली सरकणारा भाग), त्याखाली स्प्रिंग, आणि खालच्या घरात एका बाजूला धातूच्या दोन पत्त्या. एक पत्ती स्थिर. दुसरी लवचिक, तिचा ओढा सतत पहिलीला जाऊन टेकण्याकडे. पण स्टेमला त्या बाजूने दोन छोटे पाय असतात आणि ते तिला मागे रेटून धरतात. आपण कळ दाबतो, पाय खाली जातात, पत्ती मोकळी होऊन दुसरीला टेकते. लोकांना वाटतं आपण दाबून दोन तारा जोडतो. एमएक्समध्ये आपण दाबून पत्तीला फक्त सोडतो, जुळते ती आपली आपण.

रेड स्विचमध्ये ह्या पायांची बाजू गुळगुळीत उताराची असते, म्हणून तो सरळ खाली जातो. ब्राउनच्या पायांवर एक बारीक उंचवटा ठेवलेला असतो. पाय खाली येताना तो उंचवटा पत्तीला आधी आणखी थोडं मागे ढकलतो, मग पत्ती त्याच्यावरून घसरते आणि घसरता घसरता काँटॅक्ट (विजेचा जोड) जुळवते. छत्रीत पट्टीला उतार होता, इथे उतार सरकणाऱ्या भागाला आहे. बाकी सगळं तेच.

ब्राउनची सगळी अडचण ह्या बचतीत आहे. खटका देणारी आणि वीज जोडणारी पत्ती एकच. मोठा खटका हवा तर उंचवटा मोठा हवा, म्हणजे पत्ती जास्त वाकणार, पायाचं प्लास्टिक जास्त घासणार, आणि काँटॅक्टची जागाही सांभाळायची. चेरीने ब्राउनमध्ये उंचवटा अगदी लहान ठेवला. एकूण प्रवास ४ मिलिमीटर, अक्षर लागतं साधारण २ मिलिमीटरवर, माथा ५५ सेंटिन्यूटनच्या आसपास आणि त्यापुढची दरी अगदी उथळ. (एक सेंटिन्यूटन म्हणजे जवळपास एक ग्रॅमचा भार, इतकं धरून चाला.) आता स्टेम दोन्ही बाजूंच्या खाचांतून घासत खाली जातो, ग्रीस नसेल तर ते घासणं बोटाला कळतं, आणि ब्राउनचा खटका जवळपास त्या घासण्याएवढाच असतो. घासणं आणि खटका बोटाला वेगळे ओळखता येत नाहीत. तुमचा वाळूचा कण तो हाच. तक्रार अगदी बरोबर आहे. उलट ब्राउनचा खटका स्पष्ट लागतो म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

घरी तपासायचं असेल तर पाचाची पिवळी नाणी जमवा, २०११ ते २०१८ मधली. एकेक ६ ग्रॅमचं असतं. २०१९ पासूनची थोडी जड आहेत, ती मिसळू नका. कीबोर्ड सपाट ठेवून एका कळीवर नाणी एकावर एक अलगद रचत जा. रेड असेल तर प्रत्येक नाण्याला कळ थोडी थोडी बसत जाते, भरतीला दोरखंडावर होडी हलावी तशी निवांत. ब्राउन थोडा बसतो, उंचवट्यावर अडतो, नऊ-दहा नाण्यांवर सुटतो. मोठ्या खटक्याचा स्विच असेल तर शेवटच्या नाण्यापर्यंत जवळजवळ जागचा हलत नाही आणि मग नाण्यांसकट थेट तळाला जातो. आलेख न काढता आलेख कळतो. टेबलावरची नाणी गोळा करायला मूल जवळ असलेलं बरं.

ह्यावरून एक गैरसमज काढून टाकू. "खटका लागला की बोट उचलायचं, तळापर्यंत दाबायचं नाही, म्हणून बोटं दमत नाहीत" असं दुकानदार सांगतात. ऐकायला छान आहे. पण माथा ओलांडल्यावर जोर ओसरतो, म्हणजे बोट त्या क्षणी वेगाने खाली सुटलेलं असतं. खटक्याची जाणीव होऊन मेंदूने 'थांब' म्हणेपर्यंत कळ तळाला आपटून परत निघालेली असते. नाण्यांना थांबता आलं नाही, बोटालाही येत नाही. खटक्याचा खरा उपयोग मला ठेक्यासाठी वाटतो. आपल्या इनस्क्रिप्टमध्ये बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आणि मात्रा डाव्या हाताला, त्यामुळे मराठी टाइप करताना हात आळीपाळीने पडतात, टिपरी खेळल्यासारखे. प्रत्येक कळीला ठळक ठोका असेल तर हा ताल जमतो आणि एखादी कळ अर्धी दाबली गेली तर बोटाला तिथल्या तिथे कळतं, पडद्याकडे बघायला लागत नाही. गोदरेजच्या टाइपरायटरवर शिकलेल्या माणसांना ब्राउन कधी पटत नाही, त्याचं कारण हेच असावं.

पक्क्या गाठीचा स्विच कोणता म्हणाल तर आयबीएमचा. त्यात खटक्यासाठी वेगळा भागच नाही. लांब, बारीक स्प्रिंग उभी असते. दाबत गेलं की एका क्षणी ती मधून बाजूला वाकते. प्लास्टिकची फूटपट्टी दोन तळव्यांत उभी धरून दाबा, आधी ती ताठ राहते आणि मग एकदम फताक्कन बाक घेते, तसंच. स्प्रिंगच्या बुडाला एक लहानशी हातोडी असते, स्प्रिंग वाकली की ती उलटते आणि तिच्या उलटण्यानेच अक्षर नोंदलं जातं. म्हणजे खटका, आवाज आणि अक्षर एकाच घटनेतून. रिचर्ड हंटर हॅरिस ह्या आयबीएमच्या अभियंत्याची ही कल्पना. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीबरोबर आलेला मॉडेल एफ आणि १९८५ पासूनचा मॉडेल एम असे दोन प्रकार. एफमध्ये हातोडी विजेचा भार साठवण्याच्या क्षमतेत फरक पाडते, एममध्ये खालच्या पातळ पडद्यावर आपटते. एका कचेरीच्या भंगारातून मला एक मॉडेल एम मिळाला होता. धुऊन, वाळवून लावला. बोटांना इतकं सुख दुसऱ्या कुठल्या कीबोर्डने दिलेलं नाही. पण तो तुम्ही घेतलात तर सासूबाईंचीच काय, शेजारच्या वाडीचीही झोप जाईल.

ह्याच्या उलट टोकाला आल्प्स. १९८७ च्या अ‍ॅपल एक्स्टेंडेड कीबोर्डात हे जपानी स्विच होते. त्यांत खटक्याची पत्ती एका बाजूला आणि काँटॅक्टचं बंद पाकीट दुसऱ्या बाजूला, दोघांची कामं स्वतंत्र. त्यामुळे खटका मोठा आणि सुरुवातीलाच ठेवता आला, काँटॅक्टची पत्ती मऊ ठेवता आली. रचना सुंदर. पण धूळ ह्या स्विचांना अजिबात सोसत नाही, आणि आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ किती बारीक असते ते वेगळं सांगायला नको. टोप्रे ह्या दुसऱ्या जपानी स्विचमध्ये धातूचा काँटॅक्ट नाहीच. रबराची घुमटी खटका देते, आत शंकूच्या आकाराची हलकी स्प्रिंग असते आणि ती दबली की विजेचा भार साठवण्याची क्षमता बदलते, त्यावरून कळ ओळखली जाते. गंजायला काँटॅक्टच नाही म्हणून किनाऱ्यावर तो मला आदर्श वाटतो. किंमत विचारली की आदर्श राहत नाही.

ब्लू तुम्हाला का आवडला तेही पाहू. त्याचा स्टेम दोन तुकड्यांचा असतो: निळा गाभा आणि त्यावर सैल बसणारी पांढरी बाही. उंचवटा बाहीवर. बाही पत्तीपाशी अडते, गाभा तिला मागून रेटतो, आणि अडसर सुटला की बाही गाभ्याच्या पुढे निसटून खाली आपटते. तो तुमचा 'टिक'. माथा ६० सेंटिन्यूटनच्या जवळपास, दरी ब्राउनपेक्षा खोल. पण बाही सैल असल्यामुळे कळ परत येताना ती मागे रेंगाळते आणि काँटॅक्ट जुळला होता त्याच्या बराच वर गेल्यावर सुटतो. गेम खेळणारी मुलं ह्यावर चिडतात, कारण त्यांना एकच कळ झपाझप मारायची असते. आपल्याला मराठीत त्याचं फारसं काही नाही. 'पक्का' लिहिताना दोन 'क'च्या मधे डाव्या हाताची हलन्तची कळ येते. 'काका'त मात्रा येते. एकच कळ लागोपाठ दोनदा मारायची वेळ 'कक्षा', 'मनन' अशा मोजक्या शब्दांतच.

काइलच्या बॉक्स मालिकेतल्या आवाजी स्विचांनी ही बाही काढून टाकली. तिथे एक बारीक वाकवलेली तार असते, स्टेमवरचा दात तिला उचलून सोडतो. जातानाही टक, येतानाही टक. काँटॅक्ट वेगळ्या चौकोनी डबीत झाकलेला, त्यामुळे धूळ-पाण्यासाठी आयपी५६ असा दर्जा त्यांतल्या स्विचांना मिळालेला आहे. किनाऱ्यावरच्या दुकानांना, कचेऱ्यांना मी हेच सुचवतो. तुम्हाला आवाजामुळे चालणार नाहीत.

तेव्हा तुमच्यासाठी: मोठा खटका, पण आवाज नको. गॅझ्यूचा बोबा यू४ ह्या नावाचा स्विच पाहा, ६२ ग्रॅमची स्प्रिंग घ्या. रचना एमएक्सचीच, पत्ती आणि पाय. फक्त पायावरचा उंचवटा ऐसपैस आहे आणि कळ हलल्याबरोबर चढ सुरू होतो, ब्राउनसारखी आधीची रिकामी वाट नाही. स्टेमला वर-खाली रबराच्या गाद्या असतात म्हणून आपटण्याचा आवाज जवळजवळ जातो. तळ थोडा भातावर बोट टेकल्यासारखा मऊ लागतो. आठवड्यात सवय होते. नाव नीट वाचा, यू४टी हा त्याचाच आवाज करणारा भाऊ आहे. घेताना एकदम नव्वद घेऊ नका. दहा मागवा, इनस्क्रिप्टमधल्या रोजच्या कळींना लावा, 'क', 'त', 'र', काना, वेलांटी, हलन्त, आणि चार दिवस काम करा. हे सगळं तुमच्या कीबोर्डला हॉटस्वॅप सॉकेट, म्हणजे सोल्डर न करता स्विच काढता-घालता येईल अशी खोबण, असेल तर. नसेल तर सोल्डर काढायला कुणाकडे तरी जावं लागेल. नव्या स्विचला दोन जास्तीचे प्लास्टिकचे पाय असतील आणि कीबोर्डच्या आतल्या सर्किटच्या पाटीला त्यांची भोकं नसतील, तर ते नखं कापायच्या कटरने सपाट कापून टाका, बिघडत नाही.

एवढा खर्च आत्ता नको असेल तर ब्राउनच उघडून ग्रीस करा. स्टेमच्या दोन्ही बाजूंच्या कडांना आणि स्प्रिंगच्या टोकांना बारीक कुंचल्याने, कुंचला जवळजवळ कोरडा दिसेल इतकंच. पायांना अजिबात लावू नका. उंचवट्यावर ग्रीस गेलं की पत्ती लोण्यावरून घसरावी तशी घसरते आणि होता तो खटकाही जातो. ग्रीस स्विचसाठीचंच, ट्रायबोसिस ३२०३ सारखं पातळ. आणि कृपा करून खोबरेल तेल नाही. एका गिऱ्हाइकाने हा प्रयोग केला होता. दिवाळीपर्यंत कळा मऊ चालल्या, मग तेल चिकट झालं, थंडीत सकाळी थिजू लागलं, आणि कीबोर्ड माझ्याकडे आला तेव्हा आत मुंग्यांनी वसाहत केली होती.

राहिला जुलैचा 'क'. आता तुम्हाला पत्ती माहीत आहे, तर डोळ्यांसमोर आणा. खटका लागतो, म्हणजे पाय, उंचवटा, पत्तीचा ताण सगळं शाबूत आहे. बिघाड त्याच पत्तीच्या टोकावर आहे, जिथे ती दुसरीला टेकते. मिठाचा बारीक कण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळू लागतो, आणि पावसाळ्यात आपली हवा दिवसचे दिवस त्याच्या वरच असते. खाऱ्या वाऱ्याबरोबर खिडकीतून आलेला थर स्विचच्या फटींतून आत जातो. चांगल्या स्विचमध्ये टेकण्याच्या जागी सोनं असतं, ते गंजत नाही. पण बाकीची पत्ती तांब्याच्या मिश्रधातूची असते आणि तिच्यावरची हिरवट घाण तिथपर्यंत पोचते. मग कधी जोडच होत नाही, कधी जुळता जुळता तुटतो. धातूच्या कुठल्याही काँटॅक्टला जुळताना थोडी थरथर असतेच, म्हणून कीबोर्डचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) काही मिलिसेकंद वाट पाहतं. क्यूएमके नावाच्या फर्मवेअरमध्ये ती मुदत मुळात ५ मिलिसेकंद असते. थरथर त्याहून लांबली की दोन 'क'.

कीबोर्ड क्यूएमकेवर चालत असेल तर ती मुदत १० करून काम चालवून घ्या, पण तो इलाज नव्हे. केबल काढा. स्विच उपटून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब आत सोडा, तीस-चाळीस वेळा दाबा, उलटा धरून झटका, तासभर पंख्याखाली वाळू द्या. गंज सुटवायचा फवारा मारू नका, तो तेल मागे ठेवतो. काम संपल्यावर कीबोर्डवर नुसतं फडकं टाकून भागत नाही. सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून झाकणाच्या डब्यात ठेवा, पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद गरम करून परत वापरा.

आणि अल्कोहोल आणायच्या आधी पाच मिनिटांची परीक्षा. 'क'चा स्विच काढून स्क्रोल लॉकच्या जागी बसवा आणि स्क्रोल लॉकचा 'क'च्या जागी. त्या कळीला आजवर कुणी हात लावलेला नसतो, तिच्या पायांवरचा उंचवटा कोरा करकरीत असतो. दिवसभर काम करा. 'क' सुधारला तर दोष स्विचमध्ये होता. तसाच राहिला तर सॉकेटच्या सोल्डरवर हिरवं दिसतंय का बघा, आणि दिसलं तर पाटीचा एक जवळून फोटो काढून पाठवा.